उजव्या हाताचा उंट

बावीस वर्षं मी माझ्या साडूंकडून बुद्धिबळात हरत आलो, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की मास्तरांनी लपवलं. दर रविवारी सकाळी नऊला त्यांच्याकडे जायचं, एक डाव खेळायचा, हरायचं आणि साडेअकराला तोंड पाडून घरी यायचं. त्यांची बायको नि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यामुळे मी त्यांचा जिना उतरायच्या आत माझ्या हरण्याची बातमी फोनवरून आमच्या घरी पोचलेली असायची. दार उघडताना बायको नुसतं "झालं?" म्हणायची. एवढी दोनच अक्षरं, पण काय झोंबायची!

साडूभाऊ क्रेन चालवायचे. रस्त्याच्या कडेला उभी असते ती नव्हे. लोखंडी पत्र्याच्या कारखान्यात वर छताखाली दोन्ही भिंतींवर रूळ असतात, त्यांवर आडवा पूल सरकतो आणि पुलाला काचेची एक खोली टांगलेली असते. त्या खोलीत हे बसणार. खाली साखळीला पत्र्याची सहा-सहा टनांची गुंडाळी लटकणार आणि जमिनीवर माणसं आपापल्या कामाला हिंडणार. खालच्यांनी हाताने इशारा करायचा, वरच्याने तो बघायचा, एवढ्यावर सगळ्यांचे जीव. सत्तावीस वर्षांत कोणाला साधा ओरखडा नाही. कारखान्यातली माणसं त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या शब्दापुढे साहेबसुद्धा फारसे जायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं, ह्यात कसब काय आहे हो नेमकं? म्हणाले, "सकाळी चहा कमी प्यायचा आणि खाली बघत राहायचं. आहे काय त्यात, मास्तर?"

मास्तर म्हणजे मी, टेलर मास्तर. शाळेचा वर्ग मी फक्त बाहेर उभं राहून पाहिला आहे.

आमच्या खेळाचा एक नियम होता, आणि तो त्यांनीच घातलेला. खेळताना प्रत्येक खेळी कच्च्या कागदावर मी लिहायची. पटाच्या चौसष्ट घरांना अक्षरं नि आकडे असतात, त्यामुळे एका ओळीत एक खेळी बसते. डाव संपला की हरलेल्याने तो पक्क्या वहीत स्वच्छ अक्षरात उतरवायचा. म्हणजे तासाभरापूर्वी जे झालं ते पुन्हा एकदा सोसायचं. "त्याशिवाय अक्कल येत नाही," असं ते म्हणायचे. बावीस वर्षांच्या त्या वह्या काढून बघा, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच अक्षर. माझ्या अकलेचं काय झालं ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आणि मग ह्या वर्षी मी जिंकायला लागलो.

पहिल्यांदा जिंकलो तेव्हा मी पटाकडे बघतच राहिलो. दुसऱ्यांदा जिंकलो तेव्हा घरी जाताना दोनदा रस्ता चुकलो. चौथ्या विजयानंतर अंगावर मूठभर मांस चढलं आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना मी त्याला डावाची सुरुवात कशी करावी ते समजावू लागलो. कारण माझं यश सुरुवातीत होतं, अशी माझी पक्की खात्री. माझ्या उजव्या हाताकडच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे ढकलायचं आणि त्या रिकाम्या घरात उंट नेऊन बसवायचा. तिथे तो कोपऱ्यात गुपचूप पडलेला दिसतो, पण बघत असतो थेट तिरका, समोरच्याच्या मुलखात पार शेवटपर्यंत. पांढरी घेतली तरी हेच, काळी घेतली तरी हेच. यंदा काही रविवारी त्यांची पाळी असायची, म्हणून चार महिन्यांत डाव दहाच झाले; त्यांत आठ जिंकलो. मी! ज्याला बायकोने लग्नात "खेळ येतो म्हणे तुम्हाला" असं विचारून बावीस वर्षं पस्तावा केला, तो मी.

साडूभाऊ हरताना चिडायचे नाहीत. फक्त दर वेळी माझा उंट मारामारी करून त्यांच्या घरात उतरला की ते भुवया उंचावून विचारायचे, "हा कुठून आला?" मला ती दाद वाटायची. पाठ थोपटल्यासारखी.

बाकी बारीकसारीक होतंच, पण कोण लक्ष देतो? ताई, म्हणजे त्यांची बायको, चहा आणून ठेवायची आणि कधीकधी तो तसाच गार व्हायचा. खेळात गुंगलेत, मी म्हणायचो. चार महिन्यांत त्यांचे तीन शर्ट माझ्याकडे दुरुस्तीला आले, तिन्ही कोपरावर फाटलेले. मी ओरडलोसुद्धा, "साडूभाऊ, दारं उघडून आत जातात, फाडून नव्हे!" ते हसले. मी ठिगळ लावून दिलं.

गुरुवारी माझं दुकान बंद असतं. त्या गुरुवारसाठी मी पक्की वही रविवारीच मागून आणली होती. "न्या," साडूभाऊ म्हणाले, "उशाला घेऊन झोपा. हे चार महिने तुमचे, पुढचे माझे." मला माझ्या विजयांचा नीट अभ्यास करायचा होता. खरं सांगायचं तर अभ्यास कसला, मिरवायचंच होतं, स्वतःपुढे का होईना. कापड कापायच्या टेबलावर पट मांडला, वही उघडली आणि मागच्या रविवारचा डाव पहिल्यापासून लावू लागलो. बायको शेजारी बसून गुंड्या निवडत होती. "आता स्वतःशीच हरणार का?" म्हणाली.

एकोणिसाव्या खेळीशी येऊन मी थांबलो. त्या खेळीला साडूभाऊंनी त्यांचा वजीर आणून ठेवला होता बरोब्बर माझ्या उंटाच्या तोंडात. मध्ये प्यादं नाही, घोडा नाही, काही नाही. मी तो उचलून घेतला होता आणि घरी येऊन सांगितलं होतं की कसा जाळ्यात ओढला! आता शांतपणे बघितलं तर जाळं कुठेच नव्हतं. ही चूक आठ दिवस खेळ शिकलेला माणूस करत नाही. आणि साडूभाऊंनी ती केली होती.

मी आधीचा डाव लावला. त्यात हत्ती तसाच गेलेला. त्याच्या आधीचा, त्यात सरळ राजावरच मात, आणि वाट उंटाचीच. कागदावर सुरुवाती दोन वेगळ्या दिसत होत्या. पांढऱ्याने खेळताना माझा उंट जी-दोनवर, काळ्याने खेळताना बी-सातवर. मी तर स्वतःला दोन सुरुवातींचा जाणकार समजत होतो. मग मनात आलं, ह्या चढाईची गंमत त्यांच्या बाजूने कशी दिसत असेल? म्हणून मी उठलो आणि टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या जागी जाऊन बसलो.

तिकडून बघितल्यावर दोन सुरुवाती राहिल्याच नाहीत. जी-दोन असो की बी-सात, समोरच्याच्या खुर्चीतून उंट एकाच ठिकाणी होता. लांब, वर, डाव्या कोपऱ्यात. आठच्या आठ डावांत मार आला होता तो डावीकडून. आणि मी हरलेले दोन डाव? त्यांत मी हौसेने दुसऱ्या बाजूने चढाई केली होती. त्यांच्या उजवीकडून. तिथे त्यांनी माझी एकूण एक खेळी ओळखली होती, नेहमीसारखी, चार चार खेळ्या आधी.

 तरी मी स्वतःची समजूत घालत होतो. मग नजर वहीच्या पानांवर गेली. हरलेल्याने उतरवायचं, त्यामुळे हे आठ डाव त्यांच्या अक्षरात होते. पानाच्या डाव्या कडेला छापील लाल रेघ होती. पहिल्या डावात ओळी रेघेपासून जरा दूर सुरू झालेल्या. पुढच्यात अजून दूर. मी टेप घेतला. बत्तीस वर्षं माणसं मोजतोय, माझा टेप खोटं बोलत नाही. सव्वा इंच, पावणेदोन, अडीच, आणि मागच्या रविवारी पावणेचार. अख्खा डाव पानाच्या उजव्या अर्ध्यात कोंबलेला, आणि डावा अर्धा कोरा. त्यांच्या लेखी तिथे पानच नव्हतं.

तीन शर्ट फाटले होते ते डाव्या कोपरावर. आठवायला कष्ट पडले नाहीत. ठिगळं मीच लावली होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली. "अहो, ते क्रेनवर बसतात."

"वर्षाला डोळे तपासतात त्यांचे. सगळी अक्षरं वाचतात ते."

"समोरची अक्षरं वाचत असतील." तिने फोन उचलला. "मी ताईला सांगते."

मी तो तिच्या हातातून घेतला. म्हटलं, फोनवर काय सांगणार? तुझा नवरा माझ्याकडून हरतोय, म्हणजे तो आंधळा झालाय? मला वेड्यात काढतील. अकरा महिन्यांत निवृत्त व्हायचेत ते, उगाच एवढ्यातेवढ्यावरून बोभाटा होईल, माणूस कामावरून जाईल. रविवारी मी स्वतः पटावर दाखवतो, शांतपणे, दोघंच असताना. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?

हे सगळं मी तिला सांगितलं आणि ह्यातलं काही खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरंही नव्हतं. खरं असं होतं, आणि ते सांगायला मला आजही जीभ रेटत नाही, की हे तोंडातून बाहेर पडलं की माझे आठही विजय गेले. बावीस वर्षांनी मिळालेले. मी जिंकलोच नव्हतो. एका माणसाला एका बाजूचं दिसेनासं झालं होतं आणि मी चार महिने नेमका त्याच बाजूला उंट बसवून छाती फुगवत होतो. मला त्या विजयांसाठी अजून दोन दिवस हवे होते. इतका क्षुद्र विचार माणसाला येतो, आणि माणूस तो करतोसुद्धा. बायकोने फोन केला नाही, तो मी सांगितलं म्हणून. तिला दोष नाही.

शुक्रवारी मी दुकानात एका कोटाच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. कापड बाजूला टाकलं आणि दुसरं घेतलं. दिवसभर कान फोनकडे होते. फोन वाजला नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना मला बरंच वाटलं. बघ, म्हटलं, झालं का काही?

शनिवारी सकाळी सव्वाअकराला वाजला.

ताई होती. रडत नव्हती. "कारखान्यात अपघात झालाय," म्हणाली, "ह्यांना काही झालेलं नाही. खालच्या एका माणसाला लागलंय. हे त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलेत. तुम्ही जाल का? मला भीती वाटतेय." मी शटर अर्धवट ओढलं, वही पिशवीत घातली, का घातली ते मलाही माहीत नाही, आणि निघालो.

दवाखान्याचा तो बोळ मला अजून दिसतो. हिरवट भिंती, मध्ये एक लांब बाक, टोकाला शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार आणि त्यावर लाल दिवा. बाकावर साडूभाऊ बसले होते, निळ्या कामाच्या कपड्यांत, टोपी गुडघ्यावर. त्यांच्या उजव्या हाताला कारखान्याचा सुरक्षा अधिकारी मांडीवर कागद घेऊन जबाब लिहीत होता. समोर भिंतीला टेकून एक बाई उभी होती, ती त्या जखमी माणसाची बहीण. त्या माणसाची आमच्या साडूभाऊंच्या पाळीत बदली होऊन अवघे तीन दिवस झाले होते. गुंडाळी त्याच्या पायावर टेकली होती. पाय गुडघ्याखाली राहील की नाही, ते त्या लाल दिव्यामागे ठरत होतं.

"तो तिथे नव्हता," साडूभाऊ सांगत होते. आवाज नेहमीचाच, ठाम. "साखळी खाली सोडायच्या आधी मी बघितलं. दोन्हीकडे बघितलं. जागा मोकळी होती. तो मागाहून धावत आत शिरला असणार."

"त्याने गाडीत शुद्धीवर असताना सांगितलं, की हात वर करून थांबा म्हणत होतो," बहीण म्हणाली.

"बाई, मी सत्तावीस वर्षं हात बघतोय. हात नव्हता."

अधिकाऱ्याने मान हलवली आणि लिहिलं. त्याने का लिहू नये? काकांचा शब्द होता. आणि काका खोटं बोलतच नव्हते, हेच तर भयंकर होतं. त्या बाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. कागदावर चूक तिच्या भावाची ठरत चालली होती, माझ्या डोळ्यांदेखत, एकेक ओळ करून.

मी बाकाच्या डाव्या टोकाशी जाऊन उभा राहिलो होतो. त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. आणि माझ्याही अलीकडे, अगदी त्यांच्या खांद्याशी, कारखान्याचा मुकादम उभा होता. खालून इशारे करणाऱ्या माणसांचा प्रमुख, साडूभाऊंचा वीस वर्षांचा सोबती. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. किती वेळ तो पेला पुढे धरून उभा होता देव जाणे. त्यांनी तो घेतला नव्हता.

"साडूभाऊ," मी म्हटलं.

ते दचकले आणि मान पार वळवून मला शोधलं. "मास्तर? तुम्ही कधी आलात?"

"समोर बघा जरा. नुसतं समोर. मुकादम कुठे आहेत सांगा."

"ही काय वेळ आहे का—"

"सांगा हो!" माझा आवाज इतका चढला की एक नर्स दारातून डोकावली.

त्यांनी समोर बघितलं. बोळाच्या टोकापर्यंत नजर नेली आणि परत आणली. "मुकादम अजून आलाय कुठे?" ते म्हणाले. "मी मघापासून त्याचीच वाट बघतोय. तो सांगेल, जागा मोकळी होती ते."

 मुकादमाच्या हातातला पेला कलंडला आणि पाणी साडूभाऊंच्या डाव्या बाहीवर सांडलं. तेव्हा त्यांनी खाली बघितलं, मग हाताकडे, मग हळूहळू वर, त्याच्या तोंडाकडे. असा चेहरा मी कोणाचा बघितला नाही आणि बघायची इच्छा नाही. पंच्याहत्तर किलोचा धडधाकट माणूस बसल्या जागी म्हातारा झाला.

मी पिशवीतून वही काढली आणि अधिकाऱ्याला पानं दाखवली.  लाल रेघ, कोरी जागा, उंट, एकोणिसावी खेळी. त्याला खेळ येत होता की नाही कोण जाणे, पण कोरी जागा त्याला कळली. त्याने स्वतःच्या आधीच्या ओळींवर आडवी रेघ मारली.

"मुकादम," साडूभाऊ म्हणाले.  "तुला हे नवीन वाटत नाहीये."

मुकादमाने पेला बाकावर ठेवला. "काका, थंडीपासून कळत होतं आम्हाला. तुम्ही डाव्या हाताचा इशारा घेत नव्हता. पण तुमचे महिनेच किती राहिले होते? आम्ही ठरवलं, आपण सांभाळून घेऊ. सगळे उजवीकडूनच यायचो, उजवीकडूनच हात करायचो. चार महिने एकाची चूक झाली नाही." त्याने त्या बाईकडे बघितलं नाही. "ह्या नव्याला सांगायचं राहून गेलं."

ती बाई खाली बसली, तिथेच, भिंतीशी, फरशीवर. साडूभाऊ उठले, तिच्याजवळ जायला निघाले आणि बाकाच्या डाव्या कडेला गुडघा आपटून थांबले. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

अधिकाऱ्याने नवा कागद घेतला होता. मुकादमाचं लिहून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. नाव, धंदा, नातं. मी सांगत गेलो.

"तुमच्या हे कधी लक्षात आलं?"

"गुरुवारी," मी म्हटलं. "गुरुवारी दुपारी."

त्याने लिहिलं. बाई मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि साडूभाऊही.

"मग दोन दिवस तुम्ही काय करत होता?"

मी म्हटलं, "रविवारची वाट बघत होतो."